फादरांना कधी बोलवायचं? आजाऱ्याचा तैलाभ्यंग आणि घरी दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद

धर्मगुरु निवासातला फोन रात्री दोनला वाजतो. "फादर, लवकर या, आईला धाप लागलीय." आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली असते. या सहा महिन्यांत फादरांना कोणी बोलावलेलं नसतं, कारण फादर तेल घेऊन आले म्हणजे आता आशा नाही, असं घरात सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. फादर पोहोचतात तेव्हा आई बोलू शकत नाही, गिळू शकत नाही. कुमसार (पापांची कबुली) होत नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पवित्र केलेली भाकरी) देता येत नाही, उरतो फक्त कपाळावरचा तेलाचा ठिपका. तोही मोलाचा आहे, पण तिच्या हक्काचं बरंच काही हुकलेलं असतं.

हे टाळता येतं. कोणी, केव्हा, काय करायचं ते इथे दिलं आहे. वसईतल्या मराठी भाषिक धर्मग्रामांतली (एकेका चर्चच्या हद्दीतली) घरं, समूहप्रमुख (घरांच्या लहान गटांचे प्रमुख), ख्रिस्तप्रसाद पोहोचवणारे प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले) सेवक आणि नव्याने नेमणूक झालेले सहाय्यक धर्मगुरू डोळ्यांसमोर आहेत. विधी मात्र सबंध रोमन कॅथलिक चर्चचा आहे. त्यामुळे मुंबई, नाशिक, पुणे किंवा सिंधुदुर्गातही त्यात फरक पडत नाही.

नाव बदललं, भीती राहिली

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या या संस्काराला पूर्वी अंत्याभ्यंग म्हणत. माणूस शेवटच्या घटका मोजत असताना डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना तेल लावलं जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याला रुग्णाभ्यंग हेच नाव अधिक योग्य ठरवलं. पुढे १९७२ साली सहावे पोप पॉल यांनी विधी नव्याने लावून दिला. तेव्हापासून तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात. संस्काराचा आधार बायबलमधल्या याकोबच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात आहे: तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. तिथे शब्द 'आजारी' असा आहे, 'मरणोन्मुख' असा नाही.

चर्चच्या कायद्यातलं १००४ वं कलमही तेच सांगतं. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की संस्कार देता येतो. धोक्याची सुरुवात पुरेशी आहे, टोक गाठायची गरज नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा:

कॅन्सर, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं, पक्षाघाताचा झटका यांचं निदान झालं की त्याच आठवड्यात बोलवा. गंभीर आजारावरची शस्त्रक्रिया असेल तर दवाखान्यात भरती होण्याआधी घरी किंवा चर्चमध्ये संस्कार घ्या. भरतीनंतर तपासण्यांच्या गडबडीत निवांत वेळ मिळत नाही. ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजीला नाव घेण्याजोगा आजार नसेल पण ती खंगत चालली असेल, तरी ती पात्र आहे. समज आलेलं, म्हणजे साधारण सात वर्षांपुढचं मूल गंभीर आजारी असेल तर त्यालाही देतात. बेशुद्ध माणूस शुद्धीवर असता तर त्याने स्वतः मागितला असता असं वाटत असेल, तर त्यालाही.

सर्दीताप, दाढ काढणं, नेहमीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांसाठी हा संस्कार नाही. तिथे साधी प्रार्थना आणि आशीर्वाद पुरतो.

संस्कार आयुष्यात एकदाच मिळतो हाही गैरसमज आहे. माणूस बरा होऊन पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर तो पुन्हा घेता येतो. म्हणून "आत्ताच दिला तर शेवटी काय देणार?" या काळजीला जागा नाही. शेवटच्या घडीसाठी चर्चने वेगळं राखून ठेवलं आहे ते ख्रिस्तशरीर, म्हणजे ख्रिस्तप्रसादच, वाटेची शिदोरी म्हणून. त्याचं लॅटिन नाव विआतिकुम, आणि त्याचाही अर्थ प्रवासाची शिदोरीच.

फोनवर काय सांगायचं

"फादर, लवकर या" एवढ्याने भागत नाही. फादरांना बॅगेत काय घ्यायचं ते घरूनच ठरवावं लागतं. म्हणून फोन करणाऱ्याने या गोष्टी सांगाव्यात: आजाऱ्याचं नाव आणि वय. घर कोणत्या आळीत किंवा वाडीत आहे, रात्र असेल तर नाक्यावर न्यायला कोण उभं राहील. आजारी शुद्धीवर आहे का, बोलतो का. घास गिळता येतो का, की नळीने अन्न चाललंय. ऑक्सिजन लावलाय का. घरातले आणखी किती जण ख्रिस्तप्रसाद घेणार. आणि आजाऱ्याला कोणती बोली सोयीची.

शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. कादोडी किंवा वाडवळीत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बाईला ग्रंथातल्या मराठीत पापनिवेदन करताना शब्द सापडत नाहीत. तिची बोली समजणारे धर्मगुरू शेजारच्या धर्मग्रामात असतील तर त्यांना विनंती करता येते. नाहीतर येणाऱ्या फादरांनी आधीच सांगावं की तुमच्या बोलीत बोला, मला समजतं.

दवाखान्यात असाल तर वॉर्ड, खाट क्रमांक आणि भेटीची वेळ सांगा. अतिदक्षता विभागात धर्मगुरूंना आत सोडावं म्हणून डॉक्टरांशी किंवा ड्यूटीवरच्या नर्सशी नातेवाइकांनी आधीच बोलून ठेवावं. फादर दारात पोहोचल्यावर बोलायला सुरुवात केली की अर्धा तास तिथेच जातो.

आजारी माणूस चर्चपासून वर्षानुवर्षं दूर असेल, लग्न चर्चमध्ये झालेलं नसेल, धर्मग्रामाची वर्गणी थकली असेल, अशा घरांना फोन करायचा संकोच वाटतो. हा संकोच सोडाच. मृत्यूचा धोका असताना चर्चचे नियम मोठ्या प्रमाणात सैल होतात. विवाहातल्या कित्येक अडचणीही तेव्हा तिथल्या तिथे सोडवता येतात. आपण पात्र आहोत की नाही हे घरच्यांनी ठरवू नये. बोलवावं आणि परिस्थिती फादरांना एकट्याला, मोकळेपणाने सांगावी. पैशाचा प्रश्न तर नाहीच. संस्काराला किंमत नसते, आणि गरिबीमुळे कोणी त्याला मुकू नये ही जबाबदारी कायद्याने धर्मगुरूंवर टाकली आहे.

घरातली तयारी

पलंगाजवळ एक लहान टेबल किंवा स्टूल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. कापडावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या. पेलाभर पिण्याचं पाणी आणि चमचा. बोटं धुवायला वाटीत थोडं पाणी, कापूस, स्वच्छ रुमाल. घरात आशीर्वादित पाणी असेल तर तेही. बस्स, एवढंच. फुलं हवी असतील तर उग्र वासाची नकोत. आजाऱ्याला मोगऱ्यानेही मळमळतं.

ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत मेणबत्ती लावायची नाही. मग तो सिलिंडर असो वा यंत्र, फादर म्हणोत वा आजी. श्रद्धेपोटी ज्योत पेटवतात आणि नळी उशाशीच असते. ऑक्सिजन साठलेल्या चादरीला ठिणगी पुरते. अशा वेळी क्रूस पुरे.

पंखा बंद किंवा अगदी हळू ठेवा. भाकरीचे कण हलके असतात, उडाले तर शोधून सापडत नाहीत. टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. कुत्रा बांधलेला असावा.

आजाऱ्याचं तोंड आणि तळहात पुसून घ्या, चूळ भरायला लावा. कवळी असेल आणि तिच्याने नेहमी जेवत असतील तर बसवून ठेवा. पाठीला उशा लावून निदान अर्धवट बसतं करा. उताण्या माणसाला ख्रिस्तप्रसाद दिला तर ठसका लागतो, आणि मग सगळ्यांचंच लक्ष प्रार्थनेवरून उडतं.

आजाऱ्याला सांगितलं आहे ना, हे महत्त्वाचं. त्याला न सांगता फादरांना अचानक खोलीत आणणं क्रूर आहे. "फादर तुला भेटायला, तेल लावून प्रार्थना करायला आणि ख्रिस्तप्रसाद द्यायला येतायत" असं आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा. बहुतेक म्हातारी माणसं घाबरत नाहीत, उलट त्यांना हायसं वाटतं. घाबरलेली असतात ती मुलं-सुना.

उपासाचा नियम आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना लागू नाही. धडधाकट माणसाने ख्रिस्तप्रसादाआधी एक तास अन्न टाळायचं असतं. आजाऱ्याने औषध, दूध, पेज, काहीही घेतलेलं चालतं.

धर्मगुरूंची बॅग

नव्या सहाय्यकाने पहिल्याच आठवड्यात ही बॅग भरून दाराजवळच्या खुंटीला टांगावी. रात्रीच्या फोननंतर सॅक्रिस्टीची, म्हणजे चर्चमधल्या साहित्याच्या खोलीची, किल्ली शोधायची वेळ येऊ नये. बॅगेत हे हवं:

- दोन बाजूंचा छोटा स्टोल (धर्मगुरू गळ्यात घालतात ती लांब पट्टी), एका बाजूला जांभळा, दुसऱ्या बाजूला पांढरा
- आजाऱ्यांच्या तेलाची धातूची डबी, आत तेलात भिजलेला कापूस
- पिक्स, म्हणजे ख्रिस्तशरीर न्यायची झाकणाची चपटी डबी, आणि ती गळ्यात अडकवायची पिशवी
- वेदीवर अंथरतात तसं छोटं चौकोनी कापड, पुसायचा एक रुमाल
- मराठी विधिपुस्तिका, मोठ्या अक्षरांची असेल तर उत्तम
- आशीर्वादित पाण्याची बाटली, हातात मावेल असा क्रूस
- कोरडा कापूस, सॅनिटायझर, टॉर्च, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी

पिक्स बॅगेत रिकामी ठेवायची. ख्रिस्तशरीर निघताना टॅबरनॅकलमधून, म्हणजे चर्चमध्ये ते जपून ठेवायच्या कपाटातून, घ्यायचं.

तेलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. बिशप पवित्र आठवड्यातल्या खास मिस्सेत तीन तेलं तयार करतात: आजाऱ्यांचं, बाप्तिस्म्यापूर्वीच्या उमेदवारांचं आणि क्रिस्मा, म्हणजे इतर संस्कारांसाठीचं सुगंधी तेल. तिन्ही डब्या बाहेरून सारख्याच दिसतात. आजाऱ्यांच्या तेलावर बहुधा 'ओ' आणि 'आय' ही रोमन अक्षरं कोरलेली असतात, क्रिस्मावर 'एस' आणि 'सी'. झाकणांची अदलाबदल झाली तर अक्षरांचा भरवसा राहत नाही. अशा वेळी वास घ्या. क्रिस्मात सुगंधी बाल्सम मिसळलेलं असतं, आजाऱ्यांच्या तेलाला फक्त तेलाचा वास येतो. एकात एक बसणाऱ्या तीन मजली डबीपेक्षा रुग्णांसाठी स्वतंत्र डबी बरी.

कोकणातल्या दमट हवेत भिजलेला कापूस लवकर खवट होतो. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तो बदला. जुना कापूस कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचा. नवं तेल आलं की मागच्या वर्षीचं उरलेलंही जाळतात किंवा चर्चमधल्या अखंड दिव्यात घालतात. डबी तुडुंब भरू नका. कापूस ओलसर असला की पुरतं, नाहीतर बॅगेतली पुस्तिका तेलकट होते.

तेल विसरलं किंवा संपलं तर? गरज असेल तेव्हा कोणताही धर्मगुरू त्या विधीतच तेल आशीर्वादित करू शकतो. ऑलिव्ह तेल सर्वोत्तम, पण १९७२ पासून दुसरं वनस्पतिजन्य तेलही चालतं. म्हणजे स्वयंपाकघरातलं खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चालेल. बेबी ऑइल चालणार नाही, ते बहुधा खनिज तेल असतं. सुगंधी केशतेलांतही खनिज तेल मिसळलेलं असतं, तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचा. असं आशीर्वादित केलेलं तेल त्या विधीपुरतंच. उरलेलं कापसात टिपून जाळावं, परत फोडणीच्या बाटलीत ओतू नये.

विधी, क्रमाने

वेळ असेल तर क्रम असा लागतो. घरात शिरताना शांतीचं अभिवादन. ख्रिस्तशरीर बरोबर असेल तर ते आधी टेबलावरच्या कापडावर ठेवून क्षणभर वंदन, मग गप्पा. आशीर्वादित पाणी शिंपडणं. त्यानंतर कुमसार.

कुमसाराच्या वेळी खोली पूर्ण रिकामी व्हायला हवी. "मी इथेच कोपऱ्यात बसते, तिला कमी ऐकू येतं" असं सून म्हणेल, तरी तिलाही प्रेमाने बाहेर पाठवायचं आणि दार लावायचं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं आणि भिंतीपलीकडे ऐकू जातं. म्हणून प्रश्न असे विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल. बोलता येत नसेल तर हात दाबून किंवा पापणी मिटून सांगता येतं. काहीच जमत नसेल तर पश्चात्तापाची प्रार्थना कानाशी म्हणून पापक्षमा द्यावी. दुभाषी लागला तर चालतो, पण ऐकलेलं गुपित पाळायला तोही बांधलेला आहे, हे त्याला आधी सांगावं. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापक्षमा देता येत नाही. परदेशातल्या मुलाने कितीही आग्रह केला तरी नाही. मोबाइलवरून त्याला प्रार्थनेत सामील करा, पण तेही कुमसार आटोपल्यावर.

सगळे परत आत आले की शास्त्रपाठ, लहानसा, चार-पाच ओळींचा. छोटी विनवणी. मग धर्मगुरू काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. ही शांतता गुंडाळू नका. दहा-पंधरा सेकंद तरी हात तिथेच राहू द्या. कित्येक महिन्यांत त्या माणसाला औषध पाजणं आणि अंग पुसणं सोडून दुसऱ्या कुठल्या कारणासाठी कोणी स्पर्श केलेला नसतो.

नंतर तेलावरची प्रार्थना आणि अभ्यंग. अंगठ्याला तेल घेऊन कपाळावर क्रुसाची खूण, त्या वेळी प्रार्थनेचा पहिला भाग: प्रभू आपल्या प्रेमाने व दयेने, पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य करो. मग दोन्ही तळहातांवर खूण आणि दुसरा भाग: पापांतून मुक्त करून प्रभू तारो आणि उठवो. दोन्ही भागांना सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं. आजारी स्वतः धर्मगुरू असेल तर जुन्या प्रथेप्रमाणे तेल हाताच्या पाठीला लावतात, कारण त्याच्या तळहातांना दीक्षेच्या वेळी आधीच तेल लागलेलं असतं.

दवाखान्यात हाताला सलाइनची सुई असते, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. चिकटपट्टीला तेल लागलं की ती सुटते. दुसरा हात किंवा तळव्याचा मोकळा भाग घ्या. चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मास्क असेल तर कपाळाला अगदी ठिपक्याएवढंच तेल, तेही केसांच्या बाजूला, आणि लगेच टिपून घ्या. संसर्गाचा धोका असेल तर हातमोजा घालून किंवा कापूस लावलेल्या काडीने अभ्यंग करायला परवानगी आहे. ती काडी नंतर जाळण्यासाठी वेगळी ठेवा. अतिदक्षता विभागात दोन मिनिटंच मिळाली तर कपाळावर एकच खूण करून पूर्ण प्रार्थना म्हणावी. संस्कार पुरा होतो.

मग प्रभूची प्रार्थना आणि ख्रिस्तप्रसाद. आधी चमचाभर पाणी देऊन तोंड ओलं करा. अख्खी चकती देऊ नका. चतुर्थांश, गरज पडली तर तांदळाच्या दाण्याएवढा कण द्या आणि वर पुन्हा पाणी. गिळलं की नाही ते पाहा. पक्षाघात झालेल्यांच्या गालात कण तसाच राहतो. घन पदार्थ अजिबात जात नसेल तर ख्रिस्तरक्ताचे काही थेंब चमच्याने देता येतात, पण ते आधी ठरवून मिस्सेनंतर झाकणाच्या बाटलीतून आणावे लागतात. डॉक्टरांनी तोंडावाटे काहीही द्यायचं नाही असं सांगितलं असेल तर पाण्याचा थेंबही नाही. तिथे अभ्यंग पुरे.

आजाऱ्याने कण बाहेर टाकला तर गोंधळू नका. रुमालाने उचला, पेल्यात पाणी घेऊन विरघळू द्या आणि ते पाणी चर्चच्या सॅक्रिस्टीत त्यासाठी असलेल्या, थेट मातीत जाणाऱ्या मोरीत ओता. ती नसेल तर कोणाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी झाडाच्या मुळाशी. बेसिनमध्ये नाही. बोटांवरचं तेल काढायला लिंबाची फोड किंवा पावाचा तुकडा घेण्याची जुनी रीत आहे, आणि ती साबणापेक्षा खरंच बरी.

वेळ अगदी थोडा असेल तेव्हा

माणूस जाण्याच्या बेतात आहे पण गिळू शकतो, अशा वेळी क्रम बदलतो. अगदी थोडक्यात कुमसार, लगेच शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर, आणि वेळ उरला तर अभ्यंग. गिळता येत नसेल तर थेट अभ्यंग. यासोबत धर्मगुरू मरणघडीची पूर्ण दंडक्षमा (माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी) देतात. ही प्रार्थना लहान आहे, पण घाईत विसरली जाते. पुस्तिकेत त्या पानाला फीत लावून ठेवा. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा बळकट करणारा संस्कार) झालेलं नसेल तर जिवाच्या धोक्यात कोणताही धर्मगुरू तेही देऊ शकतो. त्यासाठी मात्र क्रिस्मा लागतो, म्हणून फोनवरच विचारून घ्यावं.

फादर पोहोचण्याआधी प्राण गेला आहे की नाही याची शंका असेल तर संस्कार द्यावा, असं कायदा स्पष्ट म्हणतो. मृत्यू निश्चित झाला असेल तर देत नाहीत, कारण संस्कार जिवंतांसाठी आहेत. तेव्हा मृतासाठीच्या प्रार्थना म्हणतात. नातेवाइकांना हे दारातच कोरडेपणाने सांगू नका. आधी गुडघे टेकून प्रार्थना करा, मग सांगा.

धर्मगुरू मिळतच नसतील तर घरच्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. आजाऱ्याच्या हातात क्रूस द्या. कानाशी सावकाश लहान वाक्यं म्हणा: "येशू, मी तुझ्यावर भरवसा ठेवतो", "पवित्र मरिये, माझ्यासाठी विनंती कर". एक वाक्य, थोडं थांबून पुन्हा तेच. पाच जणांनी एकदम मोठ्याने रोझरी म्हणण्यापेक्षा हे बरं. बेशुद्ध दिसणारा माणूस ऐकत असू शकतो, म्हणून जमिनीची वाटणी आणि अंत्यविधीची चर्चा त्या खोलीत नको. आयुष्यभर प्रार्थना करत आलेल्या, मनाची तयारी असलेल्या माणसाला धर्मगुरू नसतानाही मरणघडीची पूर्ण दंडक्षमा मिळते, अशी चर्चची शिकवण आहे. घरच्यांना हे ठाऊक असलं की मनावरचं मोठं ओझं उतरतं.

तान्हं बाळ मरणाच्या दारात असेल तर त्याला अभ्यंग नाही, बाप्तिस्मा द्यायचा असतो, आणि अशा वेळी तो कोणीही देऊ शकतं. प्रसूतिगृहातली नर्स, आजी, बाप, कोणीही. डोक्यावर तीनदा साधं पाणी ओतत म्हणायचं: "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी वाहायला हवं, ओलं बोट फिरवून भागत नाही. नंतर धर्मग्रामात कळवून नोंद करून घ्या. बाळ वाचलं तर उरलेले विधी चर्चमध्ये करता येतात.

प्रापंचिक सेवकांनी काय करावं, काय करू नये

बऱ्याच धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, काही ठिकाणी दर रविवारी, नेमलेले सेवक आणि सिस्टर घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेतात. त्यांनी पिक्स घेतल्यावर थेट आजाऱ्याच्या घरी जावं. वाटेत बाजारहाट नाही, चहाला थांबणं नाही, पिक्स गाडीत ठेवून कुठे उतरणं नाही. भाकरी उरली तर परत टॅबरनॅकलमध्ये ठेवावी किंवा स्वतः सेवन करावी, रात्रभर घरी ठेवू नये. त्यांना तेल लावता येत नाही आणि पापनिवेदन ऐकता येत नाही. अभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, त्यांच्या खालच्या पदाचे उपगुरूही (डीकनही) नाही. सेवकाने आशीर्वादित खोबरेल लावलं तर आजारी माणसाचा समज होतो की संस्कार झाला, आणि फादरांना बोलवायचं राहून जातं.

सेवकाचं सर्वात मोलाचं काम म्हणजे डोळे उघडे ठेवणं. मागच्या महिन्यात खुर्चीत बसलेले काका या महिन्यात उठत नाहीत, हे सर्वांआधी त्याला दिसतं. त्याच दिवशी धर्मगुरु निवासात सांगावं.

नोंद आणि पुढची भेट

संस्कार झाल्यावर आजाऱ्यांच्या वहीत तारीख, नाव, घर आणि काय दिलं ते लिहा: कुमसार झाला की नाही हे नाही, फक्त अभ्यंग, ख्रिस्तप्रसाद, शिदोरी. बदली झाल्यावर येणाऱ्या धर्मगुरूंना ही वही सर्वांत आधी द्यावी. वर्गणीच्या हिशोबापेक्षा ती जास्त निकडीची आहे. मृत्यूनंतर दफनाची नोंद मृत्यूच्या नोंदवहीत वेगळी होते.

घरी खिळलेल्यांची यादी समूहांप्रमाणे करा. एका सकाळी सहा-सात घरांपलीकडे जाऊ नका. दहावं घर येईपर्यंत धर्मगुरूंची नजर घड्याळाकडे जाते, आणि आजाऱ्याला ते कळतं. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसा. उभं राहून केलेली प्रार्थना आजाऱ्याला निघायच्या घाईत केल्यासारखी वाटते. ११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणादिवशी, चर्च जागतिक रुग्ण दिन पाळतं. त्या दिवशीच्या मिस्सेत सामुदायिक अभ्यंग ठेवला तर घाबरलेल्या घरांची भीती पुष्कळ कमी होते, कारण शेजारची चालतीबोलती मावशीही तेल घेताना दिसते. गाडीची सोय, व्हीलचेअरसाठी उतरती फळी, पुढच्या बाकांवर राखीव जागा आणि जवळचं शौचालय यांची व्यवस्था आठवडाभर आधी करा. अभ्यंग कोणाला द्यायचा ती नावं आधी लिहून घ्या, नाहीतर गुडघेदुखीवालेही रांगेत येतात आणि मग कोणाला परत पाठवायचं हा पेच पडतो.

धर्मगुरू गावाबाहेर जाणार असतील तर कुठल्या शेजारच्या धर्मग्रामात फोन करायचा ते नंबरासह चर्चच्या फलकावर आणि समूहप्रमुखांच्या मोबाइलवर टाकून जावं. आठवडाभराहून जास्त जायचं असेल तर बिशपना कळवणं आणि बदली धर्मगुरूंची व्यवस्था होणं नियमानेच आवश्यक आहे. एका रात्रीसाठी गेलात तरी दुसऱ्या कोणीतरी फोन उचलायला हवा.